लॉहबचं मोफत खातं: एलसॅटच्या लॉजिकल रीझनिंगचा पाया त्यावर पक्का होतो का?

अमेरिकेत किंवा कॅनडात जेडी (तिथली कायद्याची पदवी) करायचं असेल तर एलसॅट ही परीक्षा समोर येतेच. ती घेणाऱ्या एलसॅक या संस्थेचं अभ्यासाचं संकेतस्थळ म्हणजे लॉहब. खातं उघडायला पैसे पडत नाहीत. हे परीक्षण मोफत खात्याचं आहे, आणि तेही फक्त लॉजिकल रीझनिंग, म्हणजे युक्तिवाद तपासण्याच्या प्रश्नांपुरतं. इथे एलएलबी करून तिकडे एलएलएमला जाणाऱ्यांना एलसॅट द्यावी लागत नाही, त्यामुळे त्यांनी यात वेळ घालवू नये.

मत आधीच सांगून टाकतो. प्रश्नांना तोड नाही. धडे पायापुरते बरे आहेत. आपलं नेमकं काय चुकतंय हे शोधण्याचं काम मात्र संकेतस्थळ करून देत नाही, ते स्वतःच करावं लागतं. ते कसं करायचं हे कळलं तर हे मोफत खातं महागड्या क्लासच्या पहिल्या दोन महिन्यांचं काम करतं. कळलं नाही तर चांगले प्रश्न भराभर सोडवून संपतात आणि हाती काही लागत नाही.

आधी परीक्षेचा आकार बघू. ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमधून लॉजिक गेम्स हा कोड्यांचा विभाग गेला. आता प्रत्येकी ३५ मिनिटांचे चार विभाग असतात. त्यांतले दोन लॉजिकल रीझनिंगचे आणि एक वाचन-आकलनाचा, या तिन्हींचे गुण धरले जातात. चौथा विभाग या दोन्हींपैकी कोणत्याही प्रकारचा असतो. त्याचे गुण धरत नाहीत, पण तो कोणता हे परीक्षा देताना कळत नाही, म्हणून चारही तितक्याच गांभीर्याने सोडवावे लागतात. लॉजिकल रीझनिंगच्या एका विभागात २४ ते २६ प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. गुण १२० ते १८० या पट्टीवर मिळतात. एकूण गुणांचा साधारण दोन तृतीयांश भार आता एकट्या लॉजिकल रीझनिंगवर आहे, हे लक्षात घेऊन वेळ वाटा.

मोफत खात्यात मोजक्याच पूर्ण प्रश्नपत्रिका मिळतात, पण त्या खऱ्या, पूर्वी घेतलेल्या परीक्षांमधल्या आहेत. खान अकॅडमीवर पूर्वी जो मोफत एलसॅट अभ्यासक्रम होता तो बंद झाल्यावर त्याचे धडेही लॉहबवर आले. पडदा अगदी परीक्षेतल्यासारखा आहे. मजकुराला रंग लावता येतो, नको असलेला पर्याय खोडता येतो, प्रश्नाला खूण करून पुढे जाता येतं, उरलेली वेळ दिसत राहते. पेपर परीक्षेच्या शिस्तीत सोडवता येतो किंवा स्वतःच्या गतीने. सुरुवातीला दुसराच मार्ग निवडा. पाया घालताना घड्याळ लावलं की माणूस विचार करायचं सोडून अंदाज बांधायला लागतो.

धड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. प्रश्नांचे प्रकार नीट वेगळे केलेले आहेत: निष्कर्ष ओळखा, गृहीतक शोधा, युक्तिवाद बळकट करा, कमकुवत करा, चूक दाखवा, दिलेल्या माहितीतून काय निघतं ते सांगा, विसंगती सोडवा, तत्त्व लावा, समांतर युक्तिवाद शोधा. प्रत्येक प्रकाराचा सांगाडा समजतो. अडचण अशी की धडा वाचताना सगळं सोपं वाटतं आणि पेपरमधला अठरावा प्रश्न समोर आला की तोच सांगाडा सापडत नाही. कारण पेपरमधलं इंग्रजी घट्ट विणलेलं असतं, एका वाक्यात तीन उपवाक्यं असतात, आणि निष्कर्ष शेवटी येईलच असं नाही.

म्हणून धडे झाले की थेट पेपरकडे न जाता मधली एक पायरी घ्या. एखादा विभाग उघडा, पण प्रश्न आणि पर्याय वाचू नका. फक्त परिच्छेद वाचा आणि दोन गोष्टी कागदावर लिहा: हा माणूस मला काय पटवून देऊ पाहतोय, आणि त्यासाठी तो कारण काय देतोय. कशा लिहायच्या, ते या नमुन्यावर पाहा:

"नवा पूल आठवडाभरात खुला होईल असं अधिकारी सांगतात. पण तसं होणार नाही, कारण पुलाची भारचाचणी अजून झालेली नाही, आणि ती झाल्याशिवाय पूल खुला करता येत नाही."

निष्कर्ष मधेच आहे: "तसं होणार नाही". तो पूर्ण करून लिहायचा: पूल आठवडाभरात खुला होणार नाही. इथे "तसं" या शब्दाच्या जागी त्याचा पूर्ण अर्थ न लिहिणारे विद्यार्थी पुढे हमखास फसतात, कारण "आठवडाभरात" ही मर्यादाच सगळ्या युक्तिवादाचा कणा आहे. कारणं दोन: चाचणी झालेली नाही, आणि चाचणीशिवाय पूल खुला होत नाही. निष्कर्ष कोणता याची शंका आली तर दोन वाक्यांच्या मध्ये "कारण" घालून वाचा. ज्या क्रमाने वाचल्यावर अर्थ लागतो त्यातलं पहिलं वाक्य निष्कर्ष.

आता फट शोधा. चाचणी आजवर झाली नाही हे मान्य. पण ती उद्या होऊन परवा पूल खुला झाला तर? बोलणाऱ्याने मनातल्या मनात धरून ठेवलंय की चाचणी या आठवड्यात पूर्ण होणार नाही. हेच गृहीतक. ते परिच्छेदात कुठेही लिहिलेलं नाही, आणि ते काढून घेतलं तर निष्कर्ष उभा राहत नाही.

गृहीतकाच्या प्रश्नात पाचांतून उत्तर कसं पकडायचं? पर्याय नाकारून बघायचा. "या आठवड्यात चाचणी पूर्ण होणार नाही" हे उलटं करा: या आठवड्यात चाचणी पूर्ण होईल. आता दिलेल्या कारणांवरून पूल खुला होणार नाही असं म्हणता येतं का? नाही. म्हणजे हे गृहीतक युक्तिवादाला आवश्यक होतं. याउलट "अधिकारी जाणूनबुजून चुकीची माहिती देत आहेत" हा पर्याय उलटा करा: अधिकारी प्रामाणिकपणे बोलत आहेत. युक्तिवादाला काही धक्का बसला? अजिबात नाही. पर्याय बाद.

खरी कसोटी लागते ती "भारचाचणीला किमान तीन महिने लागतात" यासारख्या पर्यायाशी. हे खरं असेल तर निष्कर्ष पक्का होतो, म्हणून हात तिकडे जातो. पण उलटं करून बघा: तीन महिन्यांपेक्षा कमी लागतात. समजा चाळीस दिवस लागतात. तरी पूल आठवड्यात खुला होत नाहीच, युक्तिवाद शाबूत राहतो. म्हणजे हा पर्याय पुरेसा आहे, आवश्यक नाही. एलसॅटमध्ये या दोन्हींचे प्रश्न वेगवेगळे येतात. "कोणतं गृहीतक धरल्यास निष्कर्ष सिद्ध होईल" असं विचारलं तर तीन महिन्यांचा पर्याय बरोबर ठरेल. "युक्तिवाद कोणत्या गृहीतकावर अवलंबून आहे" असं विचारलं तर तोच चूक ठरेल. आवश्यक गृहीतकाच्या प्रश्नात सौम्य भाषेतला पर्याय आधी तपासावा, पुरेशाच्या प्रश्नात जोरकस. नवशिक्यांचे सगळ्यात जास्त गुण या एका फरकात जातात, आणि लॉहबच्या धड्यांत या फरकाला मिळालेली जागा मला कमी वाटते.

नाकारतानाही एक काळजी घ्यायची. "सगळे" याचं उलट "कोणीच नाही" असं होत नाही, "सगळे नाहीत" असं होतं. म्हणजे एक जरी सुटला तरी पुरे. "काही" याचं उलट "एकही नाही". एवढं चुकलं की नाकारण्याची कसोटी उत्तराऐवजी गोंधळ देते.

याच पुलाच्या वाक्यात सशर्त विधानही आहे. चाचणी झाल्याशिवाय पूल खुला नाही. बाणाने लिहायचं तर: पूल खुला → चाचणी झालेली. उलटवून: चाचणी नाही → पूल खुला नाही. एवढंच यातून निघतं. चाचणी झाली की पूल खुला होतोच, असं निघत नाही. चाचणीत पूल नापासही होऊ शकतो, उद्घाटनाची तारीख अडू शकते. इंग्रजीत "अनलेस" आणि "ओन्ली इफ" दिसले की बाण कोणत्या बाजूला काढायचा याचा घोळ होतो. सोपा नियम असा: "ओन्ली इफ" च्या लगेच पुढे जे येतं ते बाणाच्या टोकाला. "अनलेस" च्या पुढे येतं तेही टोकाला, आणि उरलेला भाग नाकारून बाणाच्या मागे. हा नियम पाठ करून चालत नाही, वीसेक वाक्यांवर हाताने उतरवावा लागतो.

"बहुतेक" आणि "काही" यांचा हिशेबही इथेच उरकून घ्या. बहुतेक सभासद पुणेकर आहेत आणि बहुतेक सभासद वकील आहेत, यावरून काही पुणेकर वकील आहेत हे नक्की निघतं, कारण निम्म्याहून जास्त असलेले दोन गट एकमेकांवर चढणारच. पण बहुतेक सभासद पुणेकर आहेत आणि बहुतेक पुणेकर चहा पितात, यावरून सभासदांपैकी कोणी चहा पितो की नाही याबद्दल काहीही सांगता येत नाही. दोन्ही वाक्यं ऐकायला सारखी वाटतात, म्हणूनच परीक्षक ती वापरतात.

आता या प्रश्नांना तोड नाही असं का म्हटलं ते. बाजारातल्या अनेक सराव-संचांत उत्तर "जास्त योग्य" असतं आणि बाकीचे "कमी योग्य". एलसॅटच्या खऱ्या प्रश्नांत तसं नसतं. एक पर्याय बरोबर असतो आणि उरलेले चार प्रत्येकी एका ठराविक, सांगता येण्याजोग्या कारणाने चूक असतात. त्या कारणांची यादीही फार मोठी नाही. युक्तिवाद कमकुवत करण्याच्या प्रश्नाचा हा नमुना मी रचलेला आहे, पण चुकीचे पर्याय खऱ्या पेपरमध्ये याच धाटणीचे असतात.

"गेल्या हंगामात ठिबक बसवलेल्या शेतकऱ्यांना एकरी सरासरी ऊस पाटपाणी देणाऱ्यांपेक्षा जास्त मिळाला. त्यामुळे उरलेल्या शेतकऱ्यांनीही ठिबक बसवलं तर त्यांचं एकरी उत्पादन वाढेल." हा निष्कर्ष कशाने सर्वात कमकुवत होतो?

पर्याय अ: ठिबक बसवायला पाटपाण्यापेक्षा जास्त खर्च येतो.
पर्याय आ: ठिबक बसवलेल्या काही शेतकऱ्यांना पाटपाणी देणाऱ्या काहींपेक्षा कमी ऊस मिळाला.
पर्याय इ: ठिबक बसवण्यापूर्वीच्या हंगामांतही याच शेतकऱ्यांचं एकरी उत्पादन इतरांपेक्षा तितकंच जास्त होतं.
पर्याय ई: ठिबकमुळे पाण्याची बचत होते.
पर्याय उ: दोन्ही गटांतल्या शेतकऱ्यांनी एकरी सारखंच खत वापरलं.

बरोबर उत्तर इ. ठिबक यायच्या आधीपासूनच फरक तेवढाच होता, तर तो ठिबकमुळे पडला असं म्हणता येत नाही. कदाचित त्यांची जमीनच चांगली असेल. आता बाकीचे. अ विषयाबाहेर आहे, निष्कर्ष उत्पादनाबद्दल आहे, परवडण्याबद्दल नाही. आ मध्ये "काही" आहे, आणि दावा सरासरीचा आहे. सरासरी जास्त असूनही काहींना कमी मिळू शकतं, त्यामुळे धक्का बसत नाही. ई खरं आहे हे प्रत्येक शेतकरी सांगेल, पण तेही विषयाबाहेर. उ तर उलट्या दिशेचा आहे: फरक खतामुळे पडला असेल ही शंका तो दूर करतो, म्हणजे युक्तिवादाला बळ देतो. कमकुवत करण्याच्या प्रश्नात बळ देणारा एक तरी पर्याय बहुधा असतोच, घाईत वाचणाऱ्यासाठी.

अ आणि ई निवडणारे बहुतेक विद्यार्थी ते पर्याय खरे आहेत म्हणून निवडतात. प्रश्न खरेपणाचा नसतो. बळकट किंवा कमकुवत करण्याच्या प्रश्नांत पाचही पर्याय खरेच धरायचे असतात, आणि त्यांचा निष्कर्षावर परिणाम काय होतो एवढंच बघायचं असतं. शेतीचं, औषधांचं, इतिहासाचं आपलं बाहेरचं ज्ञान बाजूला ठेवावं लागतं. वाचन चांगलं असलेल्या मुलांना हे सगळ्यात जड जातं.

लॉहबवर उत्तर तपासताना बरोबर की चूक हे लगेच समजतं. चारही चुकीच्या पर्यायांचा सविस्तर खुलासा प्रत्येक प्रश्नाला मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. ही उणीव भरून काढता येते. विभाग संपवण्याआधी, ज्या प्रश्नांत शंका वाटली त्यांचे क्रमांक आणि निवडलेले पर्याय कागदावर उतरवून ठेवा. मग गुण न बघता, दुसऱ्या दिवशी, तेच प्रश्न वेळ न लावता पुन्हा सोडवा आणि मगच उत्तरं उघडा. पहिल्यांदा चूक आणि दुसऱ्यांदा बरोबर आलं, तर अडचण वेळेची किंवा घाईची आहे. दोन्ही वेळा चूक आलं, तर संकल्पनाच पक्की नाही, धड्याकडे परत जा. दोन्ही वेळा बरोबर पण कारण सांगता येत नाही, तर तेही चुकीतच धरा.

त्यासाठी वही ठेवा. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाला चार ओळी पुरतात: निष्कर्ष काय होता, फट कुठे होती, मी निवडलेला पर्याय नेमका कोणत्या कारणाने चूक, आणि बरोबर पर्याय मी का टाळला. यातली चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तीच बहुतेक जण लिहीत नाहीत. पन्नास चुका जमल्या की दिसतं की त्यांतल्या बहुतांश दोन-तीन कारणांच्याच आहेत. विषयाबाहेरचा पर्याय, गरजेपेक्षा जोरदार पर्याय, बाण उलटा वाचणं. मग सराव त्यावरच करायचा.

वेळेचं गणित नंतर. ३५ मिनिटांत २५ प्रश्न म्हणजे प्रश्नाला ८४ सेकंद. पण प्रत्येक प्रश्नाला तेवढे द्यायचे नसतात. सुरुवातीचे प्रश्न साधारण सोपे असतात, अवघड माल पंधराव्या प्रश्नापासून पुढे साचतो. पहिले दहा प्रश्न बारा मिनिटांच्या आत नीट उरकता आले पाहिजेत. समांतर युक्तिवादाचा लांबलचक प्रश्न आला तर खूण करून पुढे जा, त्यालाही गुण एकच असतो.

प्रश्नपत्रिकांच्या क्रमांकाची एक बाब ध्यानात ठेवा. लॉजिक गेम्स गेल्यानंतर एलसॅकने पेपरची मांडणी बदलली आणि त्यांना नवे तीन आकडी क्रमांक दिले. जुन्या चर्चांमध्ये आणि खुलाशांमध्ये दोन आकडी क्रमांक सापडतात. विभागांची जुळणीही बदललेली आहे. खुलासा शोधायचा असेल तर क्रमांकावरून नव्हे, परिच्छेदातल्या पहिल्या शब्दांवरून शोधा, म्हणजे भलत्याच प्रश्नाचं उत्तर हाती येत नाही.

क्लॅट देणाऱ्यांना याचा उपयोग होतो का? होतो, पण मर्यादेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा प्रवेश क्लॅटवरून होतो. त्यात १२० मिनिटांत १२० प्रश्न, त्यांतले २२ ते २६ लॉजिकल रीझनिंगचे, आणि चुकीला पाव गुण कापतात. तिथे सुमारे ४५० शब्दांपर्यंतचा एक उतारा आणि त्यावर अनेक प्रश्न असतात, एलसॅटमध्ये चार-पाच ओळींच्या परिच्छेदावर बहुधा एकच. त्यामुळे निष्कर्ष, गृहीतक, बळकट-कमकुवत यांची नजर लॉहबवर तयार होते, उताऱ्याचा दम मात्र क्लॅटच्याच पेपरांवर कमवावा लागतो. शिवाय एलसॅटचे अवघड प्रश्न क्लॅटपेक्षा बरेच कठीण असतात. क्लॅटवाल्यांनी प्रत्येक विभागातले पहिले पंधरा प्रश्न सोडवले तरी भरपूर झालं.

राज्याच्या सीईटीसाठी मात्र हे साधन नव्हे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सीईटीत लॉजिकल रीझनिंगचे ३२ प्रश्न असतात, पेपर मराठीतही वाचता येतो, आणि त्यांत संख्यामालिका, नातेसंबंध, दिशा, बैठक-रचना असे प्रकार येतात. त्यातलं काहीही लॉहबवर सापडणार नाही. विधान-गृहीतक आणि विधान-निष्कर्ष या दोन प्रकारांपुरता वरचा नाकारण्याचा नियम कामी येतो, तेवढाच.

पैसे भरून मिळणारं ॲडव्हान्टेज खातं वर्षाला १२० डॉलरचं आहे आणि त्यात पन्नासहून जास्त पेपर उघडतात. दर बदलत असतात, भरण्याआधी तपासा. बाहेरच्या अनेक ऑनलाइन क्लासेसनाही एलसॅकचे खरे प्रश्न दाखवण्यासाठी विद्यार्थ्याकडे हेच खातं असावं लागतं, तेव्हा क्लासची फी बघताना ही रक्कम वेगळी धरा. वर्ष मोजायला लागतं ते पैसे भरल्या दिवसापासून. म्हणून मोफत पेपरांपैकी एक तरी वरच्या पद्धतीने, वही भरत, पूर्ण झाल्याशिवाय भरू नका. परिच्छेद वाचून पर्यायांकडे न बघता फट सांगता यायला लागली की मग घ्या. जेडीचा अर्ज पक्का असेल तर परीक्षेच्या चार-पाच महिने आधी घेतलेलं बरं, आणि नुसत्या क्लॅटसाठी घेण्याची गरज नाही.